हिरव्या पाण्यातले पाहुणे

दुपारचं ऊन काचेच्या पेटीतून पलीकडे गेलं की बाभुळगावच्या त्या घरात भिंतीवर हिरवं पाणी हलायचं. इंदुताई हातातलं काम विसरून तिथंच बसून राहायच्या. आपणही कुठल्याशा डोहाच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून कुणी हाक मारील, असं त्यांना वाटायचं.

पेटी त्यांच्या नवऱ्यानं, घनश्यामरावांनी केलेली. कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या खिडकीच्या काचा, लोखंडी पट्ट्या, सांधे गळू नयेत म्हणून लुकण. तळाला बेंबळा नदीची रेती आणि तीत लावलेल्या पाणवेली. पहिल्या मासोळ्या त्यांनी पत्र्याच्या डब्यातून आणून तशाच ओतल्या. त्या मजेत होत्या. पण त्यानंतर आलेली एकही जगली नाही. संध्याकाळी पेटीत सोडावी, तर सकाळी वेलीला अडकून पोट वर.

"काहून वं, तुह्ये पाहुणे आजही गेले?" घनश्यामराव दात घासता घासता विचारत.

"हसा जी तुमी. माह्या घरात नवा जीव ठरतच नाही."

इंदुताईंच्या डोळ्यांपुढे मासोळ्या नव्हत्याच. बोरी अरबहून भावाचा, बापूजीचा निरोप आला होता : बायको गेली, लहानग्या सिंधूला तुझ्यापाशी ठेवून घे. इंदुताईंना मूल नव्हतं. पोरीसाठी जीव तुटायचा आणि पेटीपाशी आलं की धीर खचायचा. नवी मासोळी जगली तरच पोरीला आणायचं, असं त्यांनी मनाशीच ठरवून टाकलं. भावाला मात्र "थंडी सरू दे" एवढंच कळवलं.

तशी पाहुणचारात त्यांची कसूर नव्हती. बाहेरून आलेलं काहीही शुद्ध करूनच आत घ्यायचं, ही सासूबाईंनी लावलेली शिस्त. नदीतल्या जीवाला घाटावरचा मळ लागलेला असणार. म्हणून चिंच लावून तांब्याची घागर लखलखीत घासायची, विहिरीचं पाणी भरायचं, नव्या मासोळ्या दिवसभर त्यात ठेवायच्या आणि मग पेटीत सोडायच्या.

शेजारच्या कांताबाईंनी लेकीच्या लग्नासाठी घागर नेली, नेमक्या तेव्हाच मासोळ्या आल्या. इंदुताईंनी नाइलाजानं त्या दिवसभर मडक्यात ठेवल्या आणि संध्याकाळी पेटीत सोडल्या. दुसऱ्या दिवशी पाहतात तर सगळ्या वेलींतून सुळसुळत होत्या. पण याच खेपेला कशा जगल्या, ते कळेना; म्हणून तरी मन धजेना.

लग्न आटोपल्यावर कांताबाई घागर घेऊन आल्या. "इंदुताई, कोण्या शहाण्यानं तुमच्या घागरीत ताक भरून ठेवलं होतं! पार कळकलं. म्या पाह्यलं म्हून बरं, नाही तं अख्खं वऱ्हाड ओकलं असतं."

इंदुताई हसायला गेल्या आणि हसू ओठातच राहिलं. तांब्यात ताक कळकतं, विखारी होतं, हे कोणत्या बाईला ठाऊक नसतं? आणि एवढेएवढेसे जीव आपण त्यात दिवसभर ठेवले. तेही चिंचेनं घासून घासून.

त्याच दिवशी त्यांनी बोरीला निरोप धाडला.

सिंधू मोटारीतून उतरली ती धुळीनं माखलेली, नाक वाहतं, केसांत गवताच्या काड्या. उंबऱ्याशी इंदुताईंच्या तोंडात शब्द आलेच होते, थांब, आधी पाय धू. ते त्यांनी गिळले. पोर तशीच आत आली, चुलीपाशी गेली, भाकरीचा तुकडा मोडून घेतला आणि आत्याच्या मांडीवर बसून खाऊ लागली. पातळावर मातीचे डाग उठले.

"आंघोळ नाही घातली तिले?" घनश्यामरावांनी विचारलं.

"घालू जी," इंदुताई तिच्या केसांतली काडी काढत म्हणाल्या. "रुळू तं द्या."