ललितच्या नावाची मूठ

सुरतेतल्या भेस्तानच्या खान्देशी वस्तीत काळा कोट घालणारी पहिली बाई म्हणजे हर्षदा बोरसे. तिच्या आधी या वस्तीतल्या बायका कोर्टात गेल्या होत्या त्या फक्त साक्षीला, नाहीतर रडायला. हर्षदाने वकिलीला नाव घातलं तेव्हा समाजाच्या बैठकीत काय कमी बोलणी झाली? "पोरगी चोरांची बाजू घेणार, मग तिला करून कोण घेणार?" म्हणे. बाकी सगळे मूग गिळून बसले. उठला तो एकटा भूपेंद्र, तिचा चुलतभाऊ. "माझी बहीण शिकणार. ज्याच्या पोटात दुखत असेल त्याने ओवा खावा," असं तो भर बैठकीत म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी तिला स्वतः स्कूटरवर बसवून कॉलेजात सोडून आला. पुढेही पेपर असो की पहिली केस, भूपेंद्रभाऊची स्कूटर दारात हजर असायची. हर्षदाच्या आईबापांनी जे केलं नाही ते या माणसाने केलं, हे ती कोणालाही सांगायची.

आणि आता त्याच घरातला खून तिच्या पदरात पडला होता.

खून झाला होता भूपेंद्रच्या धाकट्या भावाचा, ललितचा. हजीऱ्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला जाणारा, हसरा, जरासा हट्टी पोरगा. त्याने लग्न केलं विदर्भातल्या बांधकाम मजुराच्या मुलीशी, प्रियांकाशी, घरच्यांना न विचारता. भूपेंद्र समाजाचा पुढारी, त्याला ते कुठून सोसणार? त्याने भावाला वेगळी खोली बघायला लावली. कानबाईचा सण गेला आणि त्यानंतर ललितचं प्रेत पलसाण्याजवळच्या खाडीत सापडलं, एका नव्याकोऱ्या साडीत गुंडाळलेलं. साडी प्रियांकाची. नवराबायकोचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलेलं. पोलिसांना आणखी काय हवं? बाईला उचलली आणि लाजपोरच्या जेलात टाकली.

तिचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा हर्षदाने घेतलं. वस्ती पेटलीच. "भावाला मारणारीची वकील!" असं बायका तिच्या तोंडावर म्हणू लागल्या. नवल म्हणजे भूपेंद्र काहीच बोलला नाही. "तुझा धंदा आहे, हर्षू, कर," एवढंच म्हणाला आणि रोजच्यासारखा तिला स्कूटरवर घेऊन कोर्टात सोडून आला. हर्षदाला त्या शांतपणाचं बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की तिच्या अंगावर काटा येतो.

जेलात जाळीपलीकडून प्रियांका एकच गोष्ट घोकत होती.

"ताई, ती साडी मी नेसलेसुद्धा नव्हते. कानबाईला वाहायला आणली होती. ते म्हणाले, यंदा तू माझ्या घरची सून म्हणून पूजेला बसशील, मी भाऊला विचारून येतो. त्यावरूनच आमचं वाजलं. मी म्हणत होते, नका जाऊ. तर साडी घेऊन निघाले. तिकडून परस्पर हजीऱ्याला ड्युटीवर जाईन, दोन-तीन दिवस तिकडेच राहीन म्हणाले. आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून मी वाट बघत बसले."

"पण भूपेंद्रभाऊ म्हणतो की तो आलाच नाही."

"मग मी खोटी, झालं!" प्रियांका कपाळाला हात लावून म्हणाली. "ताई, मला फासावर देतील का हो?"

हर्षदाने तिला धीर दिला खरा, पण स्वतःचा धीर सुटत चालला होता. जेलातून कोर्टाकडे परतताना उधन्याच्या सिग्नलला तिची रिक्षा अडकली, बाजूला कापडाचे तागे भरलेला टेम्पो येऊन थांबला. भूपेंद्रचाही असाच टेम्पो होता. यंत्रमागांवरचं कोरं कापड रंगवायला तो पलसाण्याच्या डाइंगला पोचवायचा. खाडीचा तो रस्ता त्याच्या रोजच्या वहिवाटीचा. छे, नुसत्या टेम्पोवरून माणूस खुनी ठरतो होय? मग तर निम्मं सुरत आत जाईल. असं म्हणून तिने मनातला विचार झटकला, पण तो काही केल्या जाईना.

आणि तिथेच, त्या धुरात, तिला मुठी आठवल्या.

कानबाईच्या रोटाची रीत खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. श्रावणात कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेतात ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने, सव्वा सव्वा मूठ. घरातली थोरली बाई नाव घेते आणि सुपात मूठ टाकते. नोकरीला परगावी असलेला, भांडून गेलेला, पाळण्यातला, सगळ्यांची मूठ पडते. जिवंत असला म्हणजे झालं. पुरुष माणसं त्या वेळी तिकडे फिरकतसुद्धा नाहीत, त्यांना फक्त रोट खायचे ठाऊक.

यंदा हर्षदा काकूच्या मदतीला बसली होती. काकू म्हणजे भागीरथीबाई, भूपेंद्र आणि ललितची आई. म्हातारीने भूपेंद्रचं नाव घेतलं, त्याच्या मुलाचं घेतलं. मग नुसतेच ओठ हलले, हात सुपावर थांबला, आणि मूठ पुन्हा डब्यात गेली. हर्षदाला वाटलं, लग्नाचा राग असेल. पण राग कसला? मागच्या वर्षी लग्न नुकतंच झालं होतं, भूपेंद्र घर डोक्यावर घेत होता, तेव्हा याच म्हातारीने ललितच्या नावाने सगळ्यात आधी मूठ टाकली होती!

यंदा मूठ पडली नाही त्या दिवशी सगळ्या जगासाठी ललित हजीऱ्यात ड्युटीवर होता. प्रेत सापडायला अजून अवकाश होता.

तिने रिक्षावाल्याला कोर्टाऐवजी भेस्तानला रिक्षा वळवायला सांगितली.

काकू ओट्यापाशी बसून तांदूळ निवडत होती. शेजारच्या गाळ्यात माग खडखडत होते, त्यामुळे घरात मोठ्यानेच बोलावं लागायचं. आज हर्षदा तिच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली,

"काकू, ललितची मूठ का नाही टाकली?"

म्हातारीचा हात तांदळात तसाच राहिला.

"माले काही ठाऊक नही."

"प्रेत तर नंतर सापडलं. तुला आधी कोणी सांगितलं?"

"तू काय इचारी राहिनी, माय? जाय, घर जाय."

"प्रियांका जेलात सडतेय, काकू. तिने काही केलं नाही, हे तुला माहीत आहे."

काकूने पदर तोंडात कोंबला. मग एकदम फुटली.

"मेल माणूसना नावनी मूठ कशी टाकू वं माय? कानबाई कोपी जाई ना! सुतकमां देव बसाडा मी, तेच मोठं पाप. भूपेंद्रनी सांगं, सण मोडा ते लोके इचारतीन." ती कुजबुजत होती, पण शब्द काही थांबेनात. ललित साडी घेऊन आला होता. पूजेवरून दोघा भावांत जुंपली. भूपेंद्रने टेम्पोतला लोखंडी रॉड उचलला आणि एकदाच मारला. नंतर प्रेत वाहिलेली टेम्पोतली ताडपत्री धुवायला आईच्या पुढ्यात टाकली. ती तिने धुतली. लेकाचं रक्त, आणि धुतलं कोणी, तर आईने! "एक ते गया. आते दुसराले बी धाडी दिऊ का?"

हर्षदाला रडू आवरेना. ज्या भावाच्या पाठीमागे स्कूटरवर बसून ती वकील झाली, त्याचं नाव आता तिनेच पोलिसांना सांगायचं? क्षणभर तिला खरोखर वाटलं, उठावं, जावं, आपण काही ऐकलंच नाही. मग जाळीपलीकडची प्रियांका डोळ्यांपुढे आली.

"काकू," ती म्हणाली, "देवीपुढे तुझ्याच्याने खोटं वागवलं नाही. मग त्या पोरीशी कशी खोटं वागतेस?"

दारात सावली पडली. भूपेंद्र उभा होता, हातात स्कूटरची किल्ली. मागांच्या आवाजात त्याची चाहूल लागलीच नव्हती. त्याने किती ऐकलं, देव जाणे.

"काय चाललंय?"

काकू त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मूठनं इचारी राहिनी ती."

"कसली मूठ?"

बघा, खून पचवायला निघालेला माणूस, आणि त्याला हेच ठाऊक नव्हतं! आपल्याच घरात, आपल्याच आईने भर दिवसा त्याचं पाप सुपात मांडून ठेवलं होतं.

"तुना भाऊनी," काकू म्हणाली. "मी टाकी नही. हर्षदानी देखं."

भूपेंद्रच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग तो हर्षदाकडे बघून चक्क हसला. तेच हसू, कॉलेजच्या फाटकापाशी सोडताना असायचं ते.

"चल हर्षू, कोर्टाला उशीर होतोय. मी सोडतो. पलसाण्याकडून जाऊ, थोडं काम आहे."

कोर्ट कुठे आणि पलसाणं कुठे! एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दारातून बाहेर पडायचं तर त्याच्या अंगाला घासूनच जावं लागणार होतं.

तेव्हा काकू उठली. तांदळाचं ताट बाजूला सारलं, पायात चपला सरकवल्या आणि लेकाच्या छातीवर हात ठेवून त्याला दारातून मागे लोटलं. एवढा मोठा पुरुष, पण आईच्या हाताने मागे सरकला. हर्षदाचा हात घट्ट धरून ती गल्लीत आली. मागे स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. दोघींपैकी कोणीही वळून पाहिलं नाही.

"क्यां जवुं छे, मासी?" गल्लीच्या तोंडाशी उभ्या रिक्षात दोघी बसताच रिक्षावाल्याने विचारलं.

"पोलीस टेसनले," हर्षदाच्या आधी काकूच बोलली.

रिक्षा हलली. म्हातारी मांडीवरचा स्वतःचा उजवा हात बघत बसली होती. तिने मूठ मिटली, पुन्हा उघडली.

"पुढला साले," ती म्हणाली, "मी कोना नावनी मूठ टाकू वं, माय?"