पानावर नव्हतं ते वाचलं

हे मी अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. मुलीच्या नाही, गावच्या भावाच्या नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं बोलतो. आता लिहायला बसलोय. घाबरलोय मी.

तुम्ही मला ओळखत नाही ते बरं आहे. ओळखीच्या माणसाला सांगता आलं नसतं.

मी सातवी नापास. गिरणीत होतो, गिरणी बंद पडली तसा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन झालो. गेटवर बसून दिवस सरत नाही, म्हणून वाचायला लागलो. कादंबऱ्या जमल्या नाहीत, खोट्या माणसांचं वाचून काय करू? मला आवडायची शरीराची पुस्तकं. हृदय कसं चालतं, पित्त का होतं, माणूस उगाच का चिडतो, झोप का उडते. रद्दीवाल्याकडून आणायचो. त्यातलं एक जाडजूड, कव्हर फाटून गेलेलं. त्याचं नाव काय, लिहिलं कुणी, मला आजपर्यंत माहीत नाही. टाळूपासून पायाच्या नखापर्यंत सगळे आजार त्यात, चित्रांसकट. बिल्डिंगमधल्या बायका गुडघा धरून यायच्या — "भाऊ, बघा ना तुमच्या पुस्तकात." मी बोट ठेवून वाचायचो. समोरची कदमवहिनी म्हणायची, "आले आमचे बिनडिग्रीचे डॉक्टर! फक्त सुई टोचू नका हां." मला मजा वाटायची. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

माझी बायको इंदू. मालवणकडची. शाळेत गेलीच नाही. सही तेवढी मी शिकवलेली. नोकरी सुटल्यावर रोज दुपारी जेवणं झाली की मी तिला त्या पुस्तकातलं वाचून दाखवायचो. ती कशी ऐकायची ते सांगायला पाहिजे. पोथी ऐकतात तशी. पदर नीट घेऊन, हात मांडीवर, आणि वाक्य संपलं की "हं". पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायची. तिच्या माहेरी श्रावणात पोथी लावायचे, त्यातले अध्यायच्या अध्याय तिला ऐकून पाठ. ज्याला वाचता येत नाही त्याचं डोकं कसं असतं ठाऊक आहे? एकदा कानात गेलं की बाहेर पडत नाही. आणि पोथी वाचणारा मधे आपलं काही घालत नाही, हे तिच्या रक्तातच होतं.

इथे थांबलो. उठून चहा केला. प्यालो. पुढचं लिहू नये असं वाटतंय.

आधी अक्काचं सांगतो. अक्का माझी मोठी बहीण. मी पंधराचा असेन. तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं, थांबेना. चार माणसांनी खाटेवर घालून तालुक्याला नेली. जाताना मला म्हणाली, गोठा झाडून ठेव. ती परत आली नाही. घरात वास राहिला होता, तो आई शेणाने सारवून सारवून काढत होती. तेव्हापासून हॉस्पिटलची पायरी दिसली की मी रस्ता बदलतो. — बघा, मी अक्काला मधे आणतोय. अक्काचा यात काय दोष? हे मी स्वतःला वाचवायला सांगितलं. खोडत नाही, राहू दे.

एका दुपारी इंदू पुस्तक घेऊन आली. रोज मी काढायचो, त्या दिवशी तिने काढलं. मांडीवर ठेवलं, पानं उलटत गेली आणि एका चित्रावर थांबली. बाईच्या पिशवीचं चित्र, उलट्या पेरूसारखं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अवो, ह्या काय लिवलला हा, ता वाचा बघू." मी म्हटलं, हे कशाला गं आता? तिची पाळी जाऊन दहा वर्षं होऊन गेलेली. तिने पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "काल दिसला माका."

एवढंच. आमच्यातल्या बाईने नवऱ्याला एवढं सांगणं म्हणजे केवढं, तुम्हाला कळेल ना?

मी वाचलं. आधी मनात वाचलं. तिथे स्पष्ट होतं — पाळी बंद झाल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी ते साधं समजू नये, विनाविलंब डॉक्टरांना दाखवावं. खाली आजाराचं नाव होतं. ते नाव मी आजही लिहीत नाही.

माझं बोट त्या ओळीवर होतं. आणि मी मोठ्याने वाचलं — "उतारवयात स्त्रियांना उष्णतेमुळे असे होऊ शकते. आवळा, सब्जा घ्यावा. विश्रांती घ्यावी. काळजीचे कारण नाही."

पुस्तकासारखा आवाज काढून वाचलं. घ्यावा, घ्यावी, कारण नाही. कुठून सुचलं? एक अडखळ नाही!

ती म्हणाली, "हं."

तिला वाईट वाटू नये म्हणून केलं असं म्हणता येईल. पण तसं नव्हतं. मला भीती तिच्यासाठी वाटली नाही, माझ्यासाठी वाटली. ती गेली तर मी एकटा, ही भीती. कागद हातात घेऊन हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये मला उभं राहावं लागेल, ही भीती. न वाचलेलं खरं होत नाही — असं काहीतरी डोक्यात आलं असेल. माझ्याकडे मनावरचं एक पुस्तक आहे, त्यात अशा वागण्याला नाव दिलंय. दोनदा वाचलं ते प्रकरण. मग बंद करून ठेवलं. नाव मिळालं की माणसाला हलकं वाटतं, आणि मला हलकं व्हायचं नव्हतं.

तिने सब्जा भिजवला. रोज प्यायली.

दोनेक महिने गेले. पुन्हा तसंच, दुपारी, तेच पुस्तक, तेच चित्र. "परत एकदा वाचा." आणि मी, गाढव, पहिल्या वेळी काय बोललो होतो ते विसरलो होतो. खोटं बोलणाऱ्याने लक्षात ठेवायला पाहिजे ना? मी वाचलं, "अशक्तपणामुळे असे होते. खजूर खावा, दूध घ्यावे."

"हं" आलं नाही.

मी वर बघितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "त्या टायमाक उष्णता होती."

मी म्हटलं, "ते दुसरं पान गं."

ती चित्राकडे बघून म्हणाली, "चित्र तर ताच हा."

मी पुस्तक मिटलं. दूधवाल्याचं काहीतरी बोललो. ती उठून आत गेली, आणि त्यानंतर तिने मला कधीच काही वाचायला सांगितलं नाही. तिला कळलं. त्या घटकेला कळलं, मला शंका नाही. मग ती स्वतः का गेली नाही डॉक्टरकडे? मुलीला का सांगितलं नाही? नवरा खोटं वाचतोय म्हणजे काय असेल ते ओळखून बसली? की मला घाबरलेला बघून गप्प राहिली? हे विचारायला मला पुष्कळ दुपारी मिळाल्या. मी विचारलं नाही.

पुढे ती बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. सुलू — आमची मुलगी, दिंडोशीला असते — धावत आली, तिनेच हॉस्पिटलात नेलं. मी मागे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून होतंय, आजी?"

इंदू म्हणाली, "झाले पंधरा दिवस."

डॉक्टरीणबाई चिडल्या. हे पंधरा दिवसांचं नाही म्हणाल्या. सुलू रडायला लागली, "आई, का लपवलंस गं? अंगावर का काढलंस?" इंदू पंख्याकडे बघत होती. मी फाईल धरून उभा होतो. तोंड उघडायचं होतं फक्त.

त्यानंतर आठ महिने जगली. एकदा मी सुरुवात केली, "इंदू, त्या पुस्तकात —" ती म्हणाली, "पाणी द्या जरा." मी पाणी दिलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तिला जाऊन आता तीन वर्षं होतील. सुलू जिथे चार बायका भेटतील तिथे सांगते. हळदीकुंकवाला, भजनाला. माझ्या आईसारखं करू नका, माझी आई हट्टी, लाजली, लपवलं आणि गेली. बायका मान हलवतात. एकजण माझ्यासमोर म्हणाली, "जुन्या बायका अशाच मूर्ख." मीही मान हलवली. खरं सांगू? पहिलं खोटं मी भीतीने बोललो. हे दुसरं, मान हलवायचं, मी तीन वर्षं सवडीने करतोय.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांची तपासणी आहे. सुलू बोलणार आहे. मला म्हणाली, "बाबा, तुम्हीपण दोन शब्द बोला. आई कशी गप्प बसली ते तुमच्या तोंडून ऐकलं तर म्हाताऱ्या ऐकतील." हो म्हणालो. तेव्हापासून जेवण जात नाही.

अनोळखी माणसाला लिहायला बसलो होतो, पण आता हाच कागद मी रविवारच्या आधी सुलूच्या हातात देणार आहे. ती वाचेल तेव्हा मी समोर बसणार आहे, बाहेर जाणार नाही. ती परत या घरात येईल की नाही मला माहीत नाही. आली नाही तर तिचं बरोबर आहे.

तिने हॉलमध्ये एवढं बोलावं — नाही, काय बोलायचं ते तिचं ती ठरवेल. मी फक्त काय झालं ते लिहितो. इंदू लाजून गप्प बसली नव्हती. तिने सांगितलं होतं. दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी, स्वतः पान काढून, मला.