हार पडताना आई कुठे होती?

नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता धूसर झाले आहेत, पण चेन्नईत, वेलचेरीतल्या एका दारावर मी मारलेली थाप अजून कानात आहे. कारण ती शेजारच्या इमारतीतल्या दारावर मारायची होती.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आयटीतल्या पोरांसाठी वेलचेरीत भराभर इमारती उठत होत्या, सगळ्या एका रंगाच्या, एका साच्याच्या. मी, माझे हेड कॉन्स्टेबल आणि एक महिला शिपाई तीन मजले चढून गेलो आणि मी खास ठेवणीतल्या आवाजात ओरडलो, "पोलीस! दार उघडा!" दार उघडलं ते एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा. त्यांनी वस्तऱ्यासकट दोन्ही हात वर केले.

मी 'बी' ब्लॉकमध्ये होतो, जायचं होतं 'सी'मध्ये. हेड कॉन्स्टेबल जिन्यातच "सार, सार" करत होते आणि मी त्यांना गप्प बसवत होतो. आपण आरोपी नाही हे कळल्यावर त्या गृहस्थांना इतका आनंद झाला की कॉफी आणि गरम भजी घेतल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. बनावट कागद पकडायला निघालेल्या अधिकाऱ्याला भिंतीवरचं हातभर अक्षर वाचता आलं नव्हतं. आम्ही 'सी' ब्लॉकपर्यंत पोहोचलो तोवर सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

प्रकरण असं होतं. त्या सकाळी कचेरीत एक निनावी फोन आला. बोलणारा तमिळमध्ये, शांतपणे बोलत होता. वेलचेरीत अमुक पत्त्यावर महाराष्ट्रातली एक मुलगी राहते. नवरा अमेरिकेत असल्याचं सांगते. परवा अमेरिकन वकिलातीत तिची मुलाखत आहे. लग्न खोटं आहे, कागद खोटे आहेत. "आणि साहेब," तो म्हणाला, "फोटो नीट बघा. हार घालतानाच्या एकाही फोटोत मुलीची आई नाही. खऱ्या लग्नात असं असतं का?"

तेव्हा अशा टोळ्या खरोखर होत्या. भाड्याचा नवरा, भाड्याचे पाहुणे, भाड्याचा मंडप. नवऱ्यामागे अमेरिकेला जाणाऱ्या बायकोला मुलाखतीला सगळे मूळ कागद घेऊन जावं लागे: जन्माचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पोलिसांचा चारित्र्य दाखला, नवऱ्याचे कागद, लग्नाचे फोटो. झेरॉक्स दाखवून भागत नसे. मूळ कागद हाच सगळा जीव, म्हणून लबाडीही त्यातच चाले.

आणि प्रकरण माझ्याकडे येण्याचं कारण माझं आडनाव. मी तंजावरकडचा मराठी. घरात मराठी, बाहेर तमिळ. खात्यात कुठे मराठी माणूस आला की वरिष्ठ म्हणत, "तुमचे लोक, तुम्हीच बघा." मीही छाती फुगवून जायचो. खरं सांगायचं तर महाराष्ट्र मी रेल्वेच्या खिडकीतून जेवढा दिसतो तेवढाच पाहिला होता.

दार मुलीनंच उघडलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. मागे तिची आई, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलाखतीसाठी सांगलीहून मुद्दाम आली होती. मी माझ्या घरच्या मराठीत येण्याचं कारण सांगितलं. मुलगी क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. पुढे कळलं, तिला वाटलं होतं की साहेब जुन्या नाटकातली भाषा मुद्दाम बोलताहेत.

"लग्नाचे कागद दाखवा," मी म्हणालो.

तिने कपाटातून कापडाचं एक बासन आणलं. आईनं जुन्या सुती साडीचं शिवलेलं, नाड्या लावलेलं. आत एकेका मूळ कागदाला स्वतंत्र पारदर्शक पाकीट. मी हात पुढे केला तसा तिने बासन मागे घेतलं.

"साहेब, हात धुऊन घ्याल का?"

"काय?"

"तेल आहे तुमच्या बोटांना. हे मूळ कागद आहेत. डाग पडला तर दुसरा कुठून आणू?"

मघाची भजी. हेड कॉन्स्टेबलांना मराठी येत नसे, पण एवढं त्यांना बरोबर समजलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. मी मोरीत जाऊन हात धुतले. नोकरीत मला हात धुवायला लावणारी ती पहिली आणि शेवटची संशयित.

कागद बघताना मनात म्हटलं, हे बनावट असतील तर बनवणाऱ्याला सलाम. पण फोटो बघितले आणि मी सावध झालो. अंतरपाट, हार, मंगळसूत्र, सगळं होतं. कन्यादानाला भलतंच जोडपं बसलं होतं. हार पडतानाच्या फोटोंत मामा, आत्या, शेजारी, झाडून सगळे होते आणि आई खरंच नव्हती. ती दिसत होती एका शेवटच्या फोटोत, नटूनथटून, मुलीजवळ उभी. असा फोटो कुठल्याही दिवशी, कुठल्याही बाईला उभं करून काढता येतो. आमच्या तंजावरकडे मुहूर्ताच्या क्षणी मुलीची आई मांडवात अगदी पुढे असते, तिला धक्का देऊन बाजूला करावं लागतं.

"कागद तपासणीसाठी घेऊन जावे लागतील," मी म्हणालो.

मुलीचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "परवा सकाळी माझी मुलाखत आहे. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं पंधरा दिवस एकत्र राहिलोय. ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल कुणी सांगत नाही."

"ते मी काय करणार?"

"काही नाही. तुमचं काम तुम्ही करा. फक्त एकेका कागदाची पोच द्या. मूळ आहे असं लिहून, पुढची-मागची बाजू बघून. आणि तपासणीसाठी नेलेत, जप्त केलेले नाहीत, असंही लिहा."

मी पंचवीस वर्षं महजर लिहीत होतो, महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात तो. पण त्या पोरीनं शेजारी उभं राहून माझ्याकडून जी पोच लिहून घेतली, तशी नीटस लिखापढी मी आधी कधी केली नव्हती. भांडली नाही, ओळखीपाळखी सांगितल्या नाहीत. रडणारे आणि ओरडणारे मला रोज भेटत, त्यांची सवय असते. हिच्यापुढे माझी जरा पंचाईतच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना कचेरीत बोलावलं. आमची जुनी पद्धत: दोघांना वेगळं बसवायचं, तेच प्रश्न विचारायचे. महिला शिपाई सोबतीला होतीच. मुलीनं सगळं सांगितलं. अंतरपाट कुणी धरला, आधी हार कुणी घातला, भटजींचा चष्मा कसा पडला. मग आईला बोलावलं.

"अंतरपाट कुणी धरला होता?"

"ठाऊक नाही."

"आधी हार कुणी घातला?"

"ठाऊक नाही हो."

"अक्षता पडल्या तेव्हा मुलगी हसत होती की रडत होती?"

"तेही ठाऊक नाही."

मी खुर्चीत मागे रेललो. उलटतपासणी इतकी सोपी कधीच झाली नव्हती. म्हणालो, "बाई, ही मुलगी तुमची आहे ना?"

"माझीच आहे. म्हणून तर पाहिलं नाही."

"म्हणजे?"

"साहेब, तुम्ही मराठी ना?" त्यांनी शाळेत मुलाला विचारावं तसं विचारलं. "आमच्याकडे मुलीच्या आईनं मंगलाष्टकं बघायची नसतात. आईचीच दृष्ट लागते म्हणतात. मी कार्यालयाच्या मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होते. तांब्या संपला की परत भरायचा. आत टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं, लागलं लग्न."

"आणि कन्यादान? तिथेही तुम्ही नाही."

"हिचे बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. मग ते दीर-जावेनं केलं."

हेड कॉन्स्टेबलांनी तमिळमध्ये विचारलं, "काय म्हणतात, सार?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग लग्न खरं. खोट्या लग्नात आईला आधी पुढे उभं केलं असतं."

तमिळ माणसाला जे एका वाक्यात कळलं, ते कळायला या मराठी तज्ज्ञाला एक रात्र आणि दोन जबान्या लागल्या होत्या. तरी रीत म्हणून मी सांगलीला फोन लावला. विवाह नोंदणीच्या कचेरीनं दाखला खरा असल्याचं फॅक्सनं कळवलं. तिथल्या पोलीस ठाण्यातल्या हवालदारांना मी तुळशीचं विचारलं, तर ते म्हणाले, "बरोबर आहे की साहेब. मुलीची आई आणखी कुठं असणार?" आणि फोन ठेवायच्या आत पलीकडे कुणाला तरी म्हणाले, "मद्रासहून फोन आहे, तुळस विचारतायत."

आता माझं डोकं चालू लागलं. फोन करणाऱ्याला फोटोत कोण नाही हे ठाऊक होतं. म्हणजे त्यानं फोटो हाताळले होते. आणि आई नसणं त्याला संशयास्पद वाटलं, म्हणजे तो माझ्यासारखाच, ही रीत ठाऊक नसलेला.

मुलीला विचारलं, "फोटो बाहेर कुणाला दाखवले होते?"

"फक्त एका एजंटला. एग्मोरला, स्टेशनसमोरच्या गल्लीत. फाइल लावून देतो. म्हणाला, मूळ कागद माझ्याकडे ठेवून जा, मुलाखतीच्या दिवशी देतो. मी म्हटलं, मूळ कागद मी माझ्या आईकडेसुद्धा ठेवत नाही. फाइल उचलली आणि आले. कारखान्यातल्या मैत्रिणींनाही सांगितलं, त्याही आपापले कागद घेऊन आल्या."

मी साध्या कपड्यांत एग्मोरला गेलो. गृहस्थ पन्नाशीचे, कपाळाला विभूती, बोलणं साखरेसारखं. ओळखपत्र दाखवून म्हणालो, "लग्नाची एक खोटी फाइल हाती लागली आहे. तुम्ही अनुभवी, सल्ला हवा."

"विचारा ना, सार."

"फोटोंवरून काही कळतं का?"

"कळतं की! त्या मराठी मुलीचं बघा, हार घालताना आईच नाही."

मी मुलगी म्हटलं नव्हतं, मराठी तर नव्हतंच नव्हतं. मी काही न बोलता त्यांच्याकडे बघत बसलो. पोलिसाच्या नोकरीत याहून चांगलं हत्यार मला मिळालेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची साखर हळूहळू विरघळली आणि त्यांनी कपाळ पुसायला सुरुवात केली. विभूती सगळी रुमालाला.

कपाट उघडायला लावलं. आत लोकांचे मूळ कागद: दाखले, पदव्या, पासपोर्ट. मूळ कागद ज्याच्या कपाटात, त्याच्या दारात माणूस पुन्हा पुन्हा येणारच, एवढाच त्यांचा धंदा. या मुलीनं आपले कागद उचलले आणि तिचं बघून इतरही उचलू लागले, म्हणून तिची तारीख चुकवायला तो फोन. त्यांनी तासाभरात कबुली दिली. रीतसर गुन्हा नोंदवला. पुढे कोर्टाच्या परवानगीनं सगळ्यांना बोलावून कागद परत दिले तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी मुलाच्या जन्मदाखल्याला तिथेच वाकून नमस्कार केला.

मुलीचे कागद जप्तीत गेले असते तर सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागला असता. पण पोचपावतीत स्वच्छ 'तपासणीसाठी' लिहिलेलं होतं, तिनंच लिहून घेतलेलं. संध्याकाळी मी स्वतः वेलचेरीला गेलो. या वेळी इमारतीचं अक्षर दोनदा वाचलं. दारात उभ्या उभ्याच म्हणालो, "हात धुऊन आलोय." मुलगी पहिल्यांदा हसली. मग तिने पोच काढली आणि एकेक कागद उजेडात धरून, दोन्ही बाजू बघून ताब्यात घेतला. मी साहेब आहे म्हणून एकही कागद न बघता घेतला नाही. मी मनातल्या मनात तिला सॅल्यूट केला.

मुलाखत झाली. व्हिसा मिळाला. मायलेकी मिठाई घेऊन कचेरीत आल्या. बाई म्हणाल्या, "साहेब, तिथे विचारलंच त्यांनी, फोटोत आई कुठे आहे म्हणून. हिनं सांगितलं, माझ्यासाठी पाठ करून उभी होती." त्या गोऱ्या अधिकाऱ्यानं म्हणे फोटो लगेच परत दिले.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं पुढे प्रशिक्षणातली पोरं विचारत. मी सांगायचो, साक्षीत जे जुळत नाही ते लगेच खोटं धरू नका. रचून सांगणाऱ्याला प्रत्येक उत्तर तयार ठेवावं लागतं. "ठाऊक नाही" एवढं सरळ म्हणायला खरा माणूस लागतो. आणि आपले लोक म्हणून आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं समजून कुणाच्या दारात जाऊ नका.

मायलेकी मिठाई देऊन गेल्या त्या दिवशी घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. एजंट कसा पकडला, विभूती कशी पुसली गेली, सगळं. तिने ताटात रसम वाढलं आणि विचारलं, "पोरगी कधी जाते?"

"रविवारी. सकाळचं विमान आहे."

"मग आई?"

"आई काय? रेल्वेनं घरी जाईल."

"एकटीच?"

त्याचा तपास मी केला नव्हता. मी रसम भुरकत राहिलो.

"लग्नात पोरगी परक्याची होताना तिनं पाठ फिरवली, हाताला तुळस तरी होती," बायको म्हणाली. "विमानतळावर तुळस कुठली हो? रविवारी आपण दोघं जाऊ. तुम्ही गणवेश घालू नका."