कानबाईच्या पाटावरचा पासपोर्ट

जर्मनीचा व्हिसा लागलेला पासपोर्ट मी कानबाईच्या पाटावर ठेवला आणि विसरलो.

त्याआधी माझी भक्ती जरा उतरणीलाच लागली होती. बायको, सुवर्णा, तिकडे एका इस्पितळात नर्स. पोटुशी, दिवस भरत आलेले, आणि घरात पाणी द्यायला माणूस नाही. इकडे मी पर्वत पाटिया भागातल्या साडीच्या दुकानात बिलं फाडत बसलेला. एकदा अर्ज परत आला, तेव्हा देवावरचा विश्वासही मी जवळपास परत केला होता. व्हिसा हातात पडला तो नेमका श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी. मग मात्र भक्ती अशी उफाळून आली की विचारू नका.

आम्हा खानदेशी लोकांची ही देवी. नारळाला डोळे, नथ लावून तिला पाटावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी बायांनी तो पाट डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायचा. आमची सारी भावकी कोसाडला काकांच्या घरी जमते. कुंकवाचे डाग पडू नयेत आणि भावंडांनी हसू नये, म्हणून मी पासपोर्ट पाटावरच्या तांबड्या वस्त्राखाली सरकवला. एवढी अक्कल होती. सकाळी आंघोळ करून बाहेर आलो, तर घर रिकामं. पाट गेला होता.

तसाच पळालो. ओली लुंगी, अंगावर बनियन. वाटेत पहिल्यांदाच मनापासून काही मागितलं असेन. 'आई, व्हिसा गेला तर गेला, पण तिला तिथं एकटीला ठेवू नकोस,' एवढंच. बाकीचे नवस आठवायला दमच उरला नव्हता.

अमरोलीच्या वळणावर मिरवणूक थांबलेली दिसली. बाजूच्या रस्त्यानं दुसऱ्या घरची कानबाई आली होती. दोन कानबाया भेटल्या की बाया एकमेकींना हळदीकुंकू लावतात, गाणी होतात; घाई कोणी करत नाही. त्या दुसऱ्या बाया खरं तर केव्हाच नदीवरून परतल्या असत्या, पण त्यांचा बँडवाला उशिरा आला. त्याला त्या तिथंही शिव्या घालत होत्या. मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो.

त्यांच्यातली एक म्हातारी आमच्या पाटाचं घसरलेलं वस्त्र नीट करत होती. तिच्या हाताला पासपोर्ट लागला. तिनं तो उघडला, फोटो पाहिला, मग धापा टाकणाऱ्या मला पाहिलं.

"हाऊ फोटोमातला तूच का रे?"

"हो, मावशी."

"फोटोमा तरी शहाणा दिखस."

पदरानं पुसून तिनं तो माझ्या हातात दिला आणि आपल्या कानबाईमागे निघून गेली. नाव, गाव विचारायचं राहिलं. पुढच्या वर्षी माझ्या भावानं त्याच वळणावर चौकशी केली. असंच वर्णन असलेल्या म्हाताऱ्या त्याला पुष्कळ भेटल्या.

मी वेळेत पोचलो. मुलगी झाली तेव्हा सुवर्णाचा हात माझ्या हातात होता. पुढे बोटांचे ठसे झाले, फोटो झाला, आणि मग टपालानं रहिवासी कार्ड आलं. जर्मनीतल्या या गावात श्रावण आलेला कोणाला कळत नाही. खिडकीबाहेर सगळं स्वच्छ, गप्प. अशा वेळी काकांच्या घरातला नैवेद्याच्या खरपूस रोटांचा वास आठवतो, रात्रभर गाऊन बसलेले बायांचे आवाज आठवतात, आणि कार्ड हातात असूनही आपण नक्की कुठले रहिवासी, ते सांगता येत नाही. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. बँडवाल्याला उशीर झाला, एवढंच. पण माझ्या हातून सगळं सुटलं होतं, तेव्हा ते कोणीतरी धरलं होतं, हे मात्र खरं.

हेच सारं काल फोनवर आईला जरा सद्गदित होऊन सांगितलं. म्हटलं, "आता मी सगळं कानबाईवर सोडायला शिकलो, आई."

आई म्हणाली, "तू काहीच सोडू नको, भाऊ. तू सोडस, आनि धरनं पडस दुसरासले."