शुगर जेवायला लागली

ऑस्ट्रेलियातल्या मलांडा गावच्या शाळेची बस एकतीस वर्षं हाकून वर्ना पास्को निवृत्त झाली, त्याच महिन्यात तिच्या भाचीनं पर्थला नोकरीला जाताना एक अजगरीण तिच्या गळ्यात घातली. "गरीब आहे गं ती, मावशी," असं म्हणून भाची विमानात बसली.

अजगरिणीचं नाव शुगर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पहिल्याच दिवशी पाण्याचं भांडं बदलायला काचेच्या पेटीत घातलेल्या हाताला ती कडकडून चावली. विष नव्हतं, पण अंगठ्याखाली सुईसारख्या दातांची चंद्रकोर उमटली. दुसऱ्या दिवशी वर्नानं कातडी हातमोजे चढवले. शुगरनं मान मागे ओढली, फुत्कारली आणि काचेवर नाक आपटून घेतलं.

"घरात ती राहील, नाहीतर मी," नवरा क्लाइड म्हणाला. "मी शेडमध्ये झोपतो."

"खाट उचलायला हात लावू का?" वर्नानं विचारलं.

पण खरी काळजी वेगळीच होती. शुगर खात नव्हती. मेलेला उंदीर कोमट करून चिमट्यात धरून पुढे केला, की ती चिमट्यालाच डसायची आणि उंदराकडे ढुंकूनही पाहायची नाही. असे सात आठवडे गेले. जनावरांच्या डॉक्टरनं वजन करून सांगितलं, "अजून धोका नाही. पण खायला भाग पाडू नका."

घरी येताना वर्नाला बसमधली एक मुलगी आठवली. जवळ येईल त्याला ती बोचकारायची. वर्नानं तिला आपल्या मागच्या सीटवर बसवलं आणि वर्षभर काहीही विचारलं नाही. रोज फक्त "ये गं" आणि "नीट जा" एवढंच. वर्ष संपता संपता पोरगी आपणहून बोलायला लागली.

"ही भुकेनं नाही, भीतीनं चावतेय," वर्ना क्लाइडला म्हणाली.

पेटी स्वयंपाकघराच्या बोळात होती. दार सतत आपटायचं, कुत्रा ये-जा करायचा. तिनं ती शिवणाच्या खोलीत हलवली, तीन बाजूंना टॉवेल लावले, आत लपायला आडवी कुंडी ठेवली आणि आपला वास ओळखीचा व्हावा म्हणून कुंडीत आपला घामट शर्ट सारला. मग रोज दुपारी तिथं बसून ती शेंगा सोलायची, घोड्यांच्या शर्यतींचे निकाल मोठ्यानं वाचायची.

"सापाला कुठे ऐकू येतंय?" क्लाइड दारातूनच म्हणाला.

"मला येतंय ना!"

वरून हात घालणं तिनं बंदच केलं. घार वरूनच येते. आधी लांब काठीला मोजा गुंडाळून ती काठी शुगरच्या पाठीवर बाजूनं हलकेच टेकवायची. पंधरा दिवसांनी फुत्कार थांबले. महिन्यानं काठीच्या जागी हात आला. शुगर आक्रसली, पण चावली नाही.

मग एका गुरुवारी वर्नानं उंदराचं डोकं केस वाळवायच्या यंत्रानं ऊन केलं, तो कुंडीच्या तोंडाशी ठेवला, दिवा मालवला आणि खोलीबाहेर पडली. तासाभरानं पाहते तो शुगरच्या तोंडाबाहेर उंदराची फक्त शेपटी! ती तशीच अंगणात धावली.

"जेवली रे, जेवली!"

"मी अजून जेवलो नाही," क्लाइड म्हणाला.

पुढचे दोन दिवस वर्नानं तिला बोटही लावलं नाही. भरल्या पोटी कोण हाताळून घेईल?

वर्षभरानं वर्ना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी केर्न्सच्या रुग्णालयात दाखल झाली. गुरुवारी, शुगरच्या जेवणाच्या दिवशी, क्लाइडचा फोन आला.

"चिमट्यात उंदीर धरलाय. दार उघडं ठेवलंय, पळायला बरं."

"हात हलवू नकोस. ती येईल."

 मग आरोळी, "घेतला! वर्ना, माझ्या हातून घेतला बघ!"

तिचे डोळे भरून आले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "सगळं ठीक ना हो? नात का?"

"अजगर," वर्ना म्हणाली आणि मोबाइलवरचे फोटो दाखवायला सरसावून बसली.