मौलाना असं म्हणालेच नव्हते

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही. नमाजात डोकं टेकवतो – खरं सांगतो – तिथंही मी ते कधी नीट शब्दांत आणलेलं नाही. आधी वाटायचं, एवढं काय मोठं, चार वाक्यांचा तर फरक होता. आता तसं वाटत नाही. आता बसलो तरी उठावंसं वाटतं, उठलो तरी कुठं जायचं ते कळत नाही. शाहीन विचारते, शुगर तपासली का? तपासली. शुगर ठीक आहे.

कुठून सुरू करू?

मी तासगावकडचा. चेन्नईत अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडं आलो आणि इकडचाच झालो. आमच्या घरची बोली मराठीच. गावात मोहरमचे पंजे हिंदू माणसं धरत आणि गणपतीपुढच्या लेझमीत आम्ही मुसलमान पोरं पहिल्या रांगेत असायचो. हे मुद्दाम सांगतोय. पुढं मी जे केलं ते मला काही ठाऊक नव्हतं म्हणून केलं, असं तुम्हाला वाटायला नको.

लग्न होऊन शाहीन इथं आली तेव्हा तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. मी सकाळी सातला बाहेर पडायचो. ती दिवसभर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. भाजीवाली आली तरी दार उघडायची नाही, कारण बोलायचं काय? मग एकदा जिन्यात तिला कुणीतरी मराठीत हाक मारली – "कोण गे तूं? कोणाची?" – आणि ती तिथंच पायरीवर बसून रडली म्हणे.

त्या अंबुजाक्का. तळमजल्यावर राहायच्या. तंजावरकडचं जुनं मराठी घराणं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत. त्यांची मराठी आमच्या कानाला जुन्या पोथीसारखी वाटायची, मध्येच तमिळ, आणि वाक्याचा शेवट वर चढत जाणारा. पण मराठी! शाहीनला बाजारातलं तमिळ त्यांनी शिकवलं, बसचे नंबर त्यांनी पाठ करून घेतले. आमची आयेशा झाली तेव्हा शाहीनची आई आजारी होती, येऊ शकली नाही. तर बाळाला तेल लावून न्हाऊमाखू घालायला अंबुजाक्का दोन महिने रोज दोन जिने चढून आल्या. गुडघे दुखत होते त्यांचे तेव्हाही.

आणि दर पोंगलला, म्हणजे इकडच्या संक्रांतीला, शाहीन खाली जायची. खालच्या मोकळ्या जागेत विटांची चूल मांडायचे, मडक्याला हळदीचं रोप बांधायचे, बाजूला ऊस उभे करायचे. दूध उतू गेलं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "पोंगलो पोंगल!" शाहीनचा आवाज मला वर ऐकू यायचा. ती अशी मोकळी ओरडलेली मी घरात कधी ऐकली नव्हती. मला ते बरं वाटायचं का? पहिली काही वर्षं तरी वाटायचं. नंतरचं – नंतरचं सांगतोच.

आयेशा आठ वर्षांची होती त्या वर्षीची गोष्ट. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो तर जब्बारनं मोबाईल पुढं केला. जब्बार माझ्याच विभागातला, शुक्रवारी आम्ही एकाच मशिदीत जायचो. अंबुजाक्कांच्या नातीनं स्टेटसला फोटो टाकला होता, तो फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला होता. मडक्याजवळ शाहीन, हसता हसता डोळे मिटलेली, आणि कपाळावर हळद-कुंकू. "वहिनी छान दिसतात," जब्बार म्हणाला. बस्स, एवढंच. वाईट काही बोलला नाही. बाजूचे दोघं हसले. मीही हसलो. पण कानशिलं तापली ती दिवसभर तापलेलीच राहिली.

गंमत पाहा, त्याच संध्याकाळी शाहीनच मला म्हणाली, "अहो, काल अक्कांनी सगळ्यांना लावताना मलाही कुंकू लावलं. मला नको म्हणता आलं नाही. मनाला लागून राहिलंय. हे असं जाणं आपल्याला चालतं की नाही? तुम्ही मौलानासाहेबांना एकदा विचारून या. ते सांगतील तसं मी करीन."

सांगतील तसं मी करीन. तिनं माझ्या हातात केवढं दिलं होतं, कळतंय ना तुम्हाला?

मी गेलो. शुक्रवारी, नमाज झाल्यावर मौलाना एकटे बसले होते. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दाढीवरून हात फिरवला. म्हणाले, याबाबत सगळ्यांचं मत एक नाही. काही लोक फार कडक बोलतात, त्यांचीही कारणं आहेत. मला विचाराल तर पूजेत सामील होऊ नये. कुंकू नको असेल तर प्रेमानं सांगावं, शेजारीण समजून घेईल. पण त्यांच्या आनंदात जाऊन बसणं, शुभेच्छा देणं, पूजेला न ठेवलेलं त्यांच्या घरचं खाणं – यात मला वावगं दिसत नाही. आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेजाऱ्याचा हक्क फार मोठा असतो. त्या बाईचं मन मोडू नका."

मशिदीपासून घर वीस मिनिटांवर. मी चालत आलो. वाटेत मी काय विचार केला ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेच मला खुपतं. काही ठरवलं असतं तर निदान ठरवलं म्हणालो असतो.

शाहीन दारातच उभी होती. काय म्हणाले?

मी म्हणालो, "ते म्हणाले, त्या दिवशी त्यांच्या दारात पाऊलसुद्धा नको. त्यांनी दिलेलं खाणंही नको. गुनाह आहे."

तिचा चेहरा उतरला. पण तिनं एकदाही उलटून विचारलं नाही. मौलानांवर तिचा विश्वास होता. आणि माझ्यावर.

का केलं मी हे? जब्बारच्या त्या हसण्यामुळं? हो. पण तेवढंच असतं तर मी सरळ म्हणालो असतो, मला लाज वाटते, जाऊ नकोस. ते म्हणायची हिंमत नव्हती. नवऱ्याला लाज वाटते म्हटल्यावर बायको भांडू शकते. धर्म नाही म्हणतो म्हटल्यावर ती कुणाशी भांडणार? आणि आणखी एक – हे लिहिताना हात थांबतोय – फोटोतलं तिचं ते हसणं. इतक्या वर्षांत ते माझ्या वाट्याला आलं नव्हतं. ते तळमजल्यावर होतं, एका म्हाताऱ्या बाईपाशी. मला ते तिथून काढून घ्यायचं होतं. घरी येईल असंही मला वाटत नव्हतं. फक्त तिथं राहायला नको होतं.

पुढच्या पोंगलला शाहीन गेली नाही. दार लावून घरात बसली. खाली आरोळी झाली, थांबली. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग थांबा, मग दुसरी पायरी. अंबुजाक्का स्टीलचा डबा घेऊन स्वतः वर आल्या होत्या. मी आतल्या खोलीत, दाराआड उभा. शाहीननं दार उघडलं आणि जे पाठ करून ठेवलेलं होतं ते ती एका दमात बोलली. आमच्यात चालत नाही, माफ करा, आमच्या मौलानांनी सांगितलंय.

अक्कांनी दम घेतला. मग म्हणाल्या, "देवापुढें ठेविलें नाहीं गे. तुझ्यासाठीं आधींच वेगळें काढिलें."

ऐकलंत? मौलाना जे म्हणाले होते तेच ती बाई न सांगता करून आली होती. मला फक्त दाराबाहेर यायचं होतं. डबा घे म्हणायचं होतं. दोन शब्द. मी कडीवर हात ठेवला होता – लोखंडाची कडी, गार लागली – आणि तसाच उभा राहिलो.

शाहीन म्हणाली, "नको अक्का." जिन्यात पावलं परत वाजली. उतरताना जास्त वेळ लागला. शाहीननं स्वयंपाकघरात नळ मोठा सोडला आणि बराच वेळ भांडी घासली. त्या दिवशी घासायला भांडी फारशी नव्हती.

भांडण असं काही झालं नाही. जिन्यात भेटल्या की दोघी बोलायच्या, आयेशाचा अभ्यास, पाण्याचा टँकर. पण अक्का पुन्हा आमच्या मजल्यावर आल्या नाहीत आणि शाहीन त्यांच्याकडं बसायला जायची ती हळूहळू थांबली. फक्त पोंगललाच नको म्हटलं होतं मी. बाकीचे दिवस आपोआप गेले. शाहीन घरात मराठी बोलायची तीही कमी झाली. आयेशाशी तमिळ, माझ्याशी कामापुरतं. दोन वर्षांनी अक्कांचे गुडघे अगदीच गेले आणि मुलानं त्यांना शोळिंगनल्लूरला आपल्याकडं नेलं. सामान गाडीत चढताना शाहीन खिडकीत उभी होती. खाली का जात नाहीस, असं मी विचारलं नाही.

मग करोनाच्या नंतर एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन आला. आईला अण्णा नगरच्या हॉस्पिटलात ठेवलंय, तुमच्याकडची सारखी आठवण काढते. शाहीन तेव्हा आईच्या आजारपणासाठी तासगावला गेलेली. मी एकटाच गेलो. दुपारची वेळ होती. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. पलंगावर अक्का एवढ्याशा झालेल्या. मला ओळखलं. शाहीन कैसी आहे, मुलगी काय शिकते, सगळं विचारलं. मग माझा हात धरला आणि म्हणाल्या, "एक विचारूं? माझें काय चुकलें रे, बाबा? तिला कुंकूं लाविलें, त्याचा राग आला कीं? मला समजलें नाहीं. मुलीसारखी म्हणून लाविलें."

म्हणजे इतकी वर्षं ती बाई स्वतःलाच दोष देत होती. एका बोटाच्या कुंकवासाठी.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. शाहीन हजारेक किलोमीटरवर. जब्बार नाही, हसणारं कुणी नाही. खरं बोलायला याहून सोपी जागा कुठली मिळणार होती? आणि मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही, अक्का. आमच्या मौलानांनीच तसं सांगितलं होतं. आमचा नाइलाज होता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मान हलवली. "सरी, सरी," म्हणाल्या, तमिळमधलं बरं-बरं. "देवाचें बोलणें असेल तर मग काय." आणि हात सोडला.

पाच दिवसांनी त्या गेल्या. शाहीन परत आल्यावर तिनं विचारलं, शेवटी काही म्हणाल्या का? मी सांगितलं, तुझी आठवण काढली. तेही खोटं नव्हतं. मी आता असंच बोलतो – खोटं नसलेलं.

मौलाना मागेच आपल्या गावी निघून गेले होते. म्हणजे आता खरं काय ते जाणणारा मी एकटाच. मला वाटलं होतं, सगळं संपलं की ही तगमगही थांबेल. ती वाढलीच, कारण गोष्ट संपलेलीच नव्हती. शाहीनला आता या भागातल्या बायका मानतात. नव्यानं आलेल्या पोरी तिला विचारायला येतात – हे चालतं का, ते चालतं का. आणि तिच्यापाशी एक उत्तर पक्कं आहे.

या जानेवारीत वरच्या मजल्यावरची निलोफर आली होती. कऱ्हाडची, नुकतं लग्न झालेली, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत जाते. चेन्नईत तिचं कुणी नाही. ऑफिसात पोंगल करणार होते, सगळ्या मुली साड्या नेसून येणार, हिलाही रांगोळीच्या गटात घेतलं होतं. सांगताना तिचे डोळे चमकत होते. "पण काकू, आपल्याला चालतं ना? पूजेच्या वेळी मी बाजूला थांबेन."

शाहीन तिच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला. किती मायेनं बोलली! म्हणाली, "मलाही असंच वाटायचं गं. माझी तर एक अक्का होती, आईपेक्षा जास्त. पण यांनी स्वतः जाऊन मौलानासाहेबांना विचारलं होतं. पाऊलसुद्धा नको, म्हणाले. मला फार जड गेलं. पण सोडलं मी."

सोडलं मी, हे म्हणताना तिचा आवाज किंचित वर गेला. त्या एका गोष्टीचा तिला अभिमान आहे. अल्लाहसाठी तिनं आयुष्यात दिलेली ती सगळ्यात मोठी वस्तू आहे. आणि ती मागितली होती मी.

निलोफर माझ्याकडं वळली. "हो का, काका? असंच म्हणाले होते?"

शाहीनही बघत होती. मी पेपर खाली ठेवला.

"हो," मी म्हणालो. "असंच म्हणाले होते."

ऑफिसात पोंगल होता त्या दिवशी निलोफरनं पोट बिघडल्याचं कळवलं आणि घरी राहिली. शाहीननं तिला दुपारी आमच्याकडं जेवायला बोलावलं. मोबाईलवर मैत्रिणींचे फोटो येत होते; ती एकेक उघडून बघत होती आणि पुढं सरकवत होती. मग तिनं मोबाईल पालथा ठेवला आणि ताटाकडं बघत जेवू लागली. शाहीननं तिला वाढलं, मला वाढलं. मी जेवलो.