डेकवरचा चहा कुणाच्या खात्यावर?

मुंबईच्या बंदरावर जहाज दिसलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, मान वर करून बघतच राहिले. "आपल्या कन्नडचा साखर कारखाना बी एवढा नाय," म्हणाले. या खेपेला त्यांची अद्रक (आलं) चांगल्या भावाने गेली होती आणि त्यांना एकदा समुद्र बघायचा होता. गोव्याला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची दोघांची तिकिटं त्यांनीच काढली. लेकीचं खायचं नाही, हा त्यांचा नेम. संभाजीनगरात पुंडलिकनगरला माझ्याकडे मुक्कामाला आले तरी पीठ, डाळ घरून आणतात. मला मात्र एकदा तरी माझ्या पैशाने त्यांना काही खाऊपिऊ घालायचं होतं.

गोंधळ जहाजावर पाय ठेवण्याआधीच सुरू झाला. आत नोटा चालत नाहीत, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. प्रत्येकाला एक कार्ड मिळेल. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. झालेला खर्च शेवटी बँकेच्या कार्डातून वळता होईल. अण्णांकडे तसलं कार्ड नव्हतं, म्हणून दोघांसाठी माझं दिलं. अण्णांनी बंडीच्या आतल्या खिशातल्या नोटा चाचपल्या आणि विचारलं, की या इथं खोट्या झाल्या का?

जेवणघरात इडली, पुलाव, जिलेबी, हवं तेवढं घ्या. पैसे कुणी मागेना. सगळं तिकिटात धरलंय, असं मीच अण्णांना सांगितलं आणि मलाही तसंच वाटत होतं. पण जेवणघरातला चहा फुकट आणि डेकवरचा (जहाजाच्या गच्चीवरचा) विकत, पेल्यातलं पाणी फुकट आणि बाटलीतलं विकत, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत संध्याकाळ झाली.

तोवर अण्णा डेकवर यजमान होऊन बसले होते. शेजारच्या बाकावर लातूरचं जोडपं होतं, त्यांना चहा पाजला. मग त्यांच्यासोबतच्या नातेवाइकांना, मग एका गुजराती आजोबांना. दर वेळी वेटर अण्णांचं कार्ड यंत्राला टेकवायचा. अण्णांना वाटायचं, हजेरी लागतेय. मी तो गैरसमज तसाच राहू दिला. समोर नुसतं पाणीच पाणी, आणि अण्णा माझ्या पैशाचा चहा बशीत ओतून पीत होते. मला फार आनंद झाला.

उतरताना अण्णांनी काउंटरवर सहज विचारलं, काही द्यायचं राहिलं का? डेकवरच्या चहापाण्याचे पैसे मॅडमच्या कार्डातून वळते झाले, असं मुलीने हसून सांगितलं. अण्णांनी नोटा पुढे केल्या. तिने हात जोडले. खातं बंद झालं होतं.

"म्हंजी मी लोकायला तुझ्या पैशाचा चहा पाजीत होतो?" एवढंच ते बोलले. परतीच्या रेल्वेत ते खिडकीकडे तोंड करून बसले. आपण यांचा मान घालवला, असं मला वाटत राहिलं.

संभाजीनगरच्या बसस्थानकावर कन्नडची एसटी लागली तेव्हा त्यांनी माझ्या हातात नोटा कोंबल्या.

"लोकायच्या चहाचे हायेत. घे."

"आणि तुमच्या चहाचे?"

ते पायरीवर थांबले. "माझा ऱ्हाऊ दे. तू पाजला, मी पेलो. गावात कुणाला सांगू नको."

पैसे कुठून कुठे गेले, हे मला अजूनही नीट उमगलेलं नाही. बँकेच्या हिशेबाने ते सगळे चहा माझे, अण्णांच्या हिशेबाने फक्त त्यांनी प्यायलेला. मला तेवढा पुष्कळ आहे.